धबधब्यावरचं घर वाकत चाललं होतं, मग ते वाचवलं कसं?

धबधब्याजवळ घर बांधायचं म्हटलं, तर कोणीही धबधबा समोर दिसेल अशीच जागा निवडेल. पिट्सबर्गचे व्यापारी एडगर कॉफमन यांचीही हीच अपेक्षा होती. पण १९३५ मध्ये वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी आराखडा दाखवला, त्यात घर थेट धबधब्यावर होतं!

अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातलं हे घर म्हणजे ‘फॉलिंगवॉटर’. काँक्रीटच्या त्याच्या गच्च्या ओढ्यावर पुढे येतात आणि टोकाला खाली खांबच नाही. इमारतीची बाल्कनी जशी एकाच बाजूच्या आधारावर राहते, तशीच ही रचना. तिला ‘कॅन्टिलिव्हर’ म्हणतात.

या घराचं सौंदर्य याच गच्च्यांमध्ये आहे आणि त्याचं दुखणंही. बांधकामाचे टेकू काढले तेव्हाच मुख्य गच्ची थोडी वाकली. पुढे ती वाकतच राहिली.

१९६३ मध्ये कॉफमन यांच्या मुलाने हे घर ‘वेस्टर्न पेन्सिल्व्हेनिया कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेला देऊन टाकलं. सोबत आजूबाजूची जमीन, फर्निचर आणि कलावस्तूही दिल्या. पुढच्याच वर्षी ते लोकांसाठी खुलं झालं. त्यामुळे तिथे रिकाम्या भिंती नाही, तर नांदतं घर पाहायला मिळतं.

पण घर दान मिळालं म्हणजे ते वाचलं, असं होत नाही. १९९० च्या दशकात तपासणी झाली, तेव्हा गच्चीचं टोक सुमारे ७ इंच खाली आल्याचं दिसलं. काँक्रीटमधलं लोखंड अपुरं पडत होतं. १९९७ मध्ये ओढ्यातून लोखंडी टेकू द्यावे लागले.

खरी दुरुस्ती २००२ मध्ये झाली. दिवाणखान्यातल्या फरशांना नंबर देऊन त्या उचलल्या. खालच्या तुळयांना लागून मजबूत पोलादी केबल टाकल्या आणि ताणून घट्ट केल्या. याला ‘पोस्ट-टेन्शनिंग’ म्हणतात. नंतर फरशा जागच्या जागी बसवल्या. गच्ची पूर्ण सरळ करण्याचा अट्टहास धरला नाही. वाकणं थांबवणं महत्त्वाचं होतं.

२०१९ मध्ये राइट यांच्या आठ वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. त्यात फॉलिंगवॉटरही आहे.

जुनी वास्तू लोकांसाठी खुली करणं ही सुरुवात असते. ती उभी राहते नियमित तपासणी, वेळेवर दुरुस्ती आणि त्यासाठी लागणारा पैसा यांच्या जोरावर.