अंगणातील अडुळसा : उपयोग आणि मर्यादा

अडुळसा ओळखत नाही असा मनुष्य आपल्याकडे विरळाच. विहिरीच्या काठाला, शेताच्या बांधावर, वस्तीच्या मागील कुंपणाला तो उभा असतो. त्याला कोणी पाणी घालीत नाही, कोणी खत देत नाही. घरात कोणाला खोकला झाला की मात्र "जा रे, अडुळशाची चार पाने घेऊन ये" असे पोरांना फर्मान सुटते. सरकारी दवाखान्यात औषधनिर्माता म्हणून माझी सारी नोकरी गेली. औषधाच्या खिडकीपलीकडून "साहेब, यापेक्षा आमचा अडुळसा बरा नाही का?" हा प्रश्न मला असंख्य वेळा विचारला गेला. खिडकीवर गर्दी असते, तेथे सविस्तर उत्तर देता येत नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करीत आहे.

प्रथम विद्यार्थी मित्रांसाठी वनस्पतीची ओळख. अडुळसा हे माणसाच्या उंचीचे, कधी त्याहून उंच वाढणारे सदाहरित झुडूप होय. आपल्या ओळखीच्या अबोली व कोरांटी यांच्याच कुळातील ते आहे. पाने समोरासमोर, भाल्याच्या पात्यासारखी, वीतभर लांबीपर्यंत वाढणारी असून चुरडली असता त्यांना एक विशिष्ट उग्र वास येतो. चव कडू. फुले पांढरी, आतून जांभळट रेषा असलेली आणि दोन ओठ उघडावेत तशी दिसणारी. या उघड्या जबड्यावरूनच संस्कृतात त्याला 'सिंहास्य' म्हटले आहे. वासा, वासक, आटरूषक ही त्याची आणखी नावे. शास्त्रीय नाव 'जस्टिशिया अधातोडा'. यातील 'अधातोडा' हा शब्द लॅटिन वाटतो, पण तो दक्षिणेकडील लोकभाषेतून गेलेला आहे. तमिळमध्ये याला 'आडातोडै' म्हणतात आणि शेळीसुद्धा ज्याला तोंड लावीत नाही ते झाड, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. १७५३ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने वनस्पतींना नावे दिली तेव्हा हा शब्द त्याने तसाच उचलला. आपल्या शेळ्या राखणाऱ्या माणसांचे निरीक्षण अशा रीतीने जगाच्या शास्त्रग्रंथात जाऊन बसले, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

'काळा अडुळसा' नावाचे दुसरे एक झुडूप बागांतून लावलेले असते. त्याची पाने अरुंद व गडद, खोड जांभळट असते. ते वेगळे आहे. काढ्यासाठी पाने आणावयाची तर आधी झाड पक्के ओळखावे.

गुरे खात नाहीत म्हणून अडुळसा कुंपणाला चांगला. धान्यात किंवा कपड्यांत त्याची वाळलेली पाने घालण्याची पद्धत आहे, कारण किडी त्यापासून दूर राहतात. भातखाचरात हिरवळीचे खत म्हणूनही पाला गाडतात. अंगाला खाज सुटली, खरूज झाली तर पाल्याच्या उकळलेल्या पाण्याने अंघोळ घालीत. पण त्याची खरी कीर्ती छातीच्या विकारांसाठी आहे. कास, श्वास, क्षय आणि रक्तपित्त, म्हणजे नाकातोंडातून रक्त पडणे, या विकारांत आयुर्वेदाने त्याला मानाचे स्थान दिले आहे. वासावलेह, वासारिष्ट ही औषधे आजही दुकानांत मिळतात.

घरगुती कृती सांगावयाची तर अडुळशाचे पान नुसते कुटून रस फारसा निघत नाही. त्यामुळे आपल्या आया-आज्या पाने तव्यावर किंवा निखाऱ्यावर शेकून, मऊ पडली की फडक्यात घालून पिळीत. वैद्यकात यालाच जवळची 'पुटपाक' नावाची रीत आहे : पानांचा गोळा दुसऱ्या पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा लेप द्यायचा आणि विस्तवात भाजून मग आतला रस पिळून घ्यायचा. हा रस मधात किंवा खडीसाखरेबरोबर घेतात. प्रौढ माणसाला दिवसाला १० ते २० मिलिलिटर, म्हणजे चहाचे २ ते ४ चमचे, एवढीच मात्रा सांगितलेली आहे. आमच्याकडे मात्र 'झाडपाल्याने काय होते' असे म्हणून पेलाभर काढा पिणारे लोक आहेत. मग उलटी होते, पोट बिघडते आणि दोष बिचाऱ्या झाडाला लागतो.

आता हे सगळे नुसते समजुतीवर चालले आहे की त्याला काही आधार आहे? आधार आहे. १८८८ साली हूपर या रसायनशास्त्रज्ञाने अडुळशाच्या पानांतून एक अल्कधर्मी द्रव्य वेगळे काढले. वासा या नावावरून त्याला 'व्हासिसीन' म्हणतात. त्याच्याच जोडीचे 'व्हासिसिनोन' हेही पानांत सापडते. श्वासनलिका सैल करणे व चिकट कफ पातळ करणे या दिशेने या द्रव्यांचे कार्य आढळले. व्हासिसीनच्या रचनेवरून पुढे १९६० च्या दशकात 'ब्रोमहेक्सिन' हे औषध प्रयोगशाळेत तयार झाले, आणि त्यापासून 'अँब्रॉक्सॉल'. आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर बारीक अक्षरात ही दोन नावे छापलेली असतात. तेव्हा खिडकीवरच्या त्या प्रश्नाला माझे अर्धे उत्तर असे की, बाबा रे, तू जे औषध घेऊन चाललास तेही अडुळशाच्याच नात्यातले असू शकेल.

साधी सर्दी, पडसे, घशाशी अडकलेला कफ, यासाठी प्रौढाने ४-५ दिवस अडुळसा घेतला तर त्यात वावगे काही नाही. दमेकऱ्याने मात्र दम्याची फवाऱ्याची औषधे बंद करून काढ्यावर राहू नये. अडुळशाची वाळलेली पाने विडीत भरून, कधी त्यात धोतऱ्याचे पान मिसळून ओढण्याची जुनी रीत आहे. ती तर पूर्णपणे सोडून द्यावी. धोतरा विषारी आहे आणि धूर कोणत्याही पाल्याचा असला तरी दमेकऱ्याच्या छातीला तो घातकच.

माताभगिनींनी पुढील गोष्ट नीट लक्षात घ्यावी. काही भागांत अडलेल्या बाळंतिणीच्या बेंबीखाली अडुळशाच्या मुळीचा लेप लावीत किंवा मुळी कमरेला बांधीत. बांधलेल्या मुळीने काय होणार, असे आपण म्हणू. पण या समजुतीमागे एक खरी गोष्ट दडलेली होती. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत व्हासिसीनवर जे काम झाले त्यातून हे द्रव्य गर्भाशयाचे आकुंचन घडविते असे दिसून आले. १९८० साली ते प्रसिद्ध झाले. याचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे. गरोदरपणी खोकला झाला म्हणून अडुळशाचा रस अथवा काढा घेऊ नये. त्यामुळे गर्भपाताचा धोका संभवतो. 'नैसर्गिक आहे, बाळाला काही होत नाही' असे सांगून सासू-जाऊ प्रेमानेच हा काढा देतात. देणारीला दोष नाही, पण तिला हे कोणीतरी सांगितले पाहिजे. ज्या बाटलीवर वासा, वासक किंवा अडुळसा लिहिले आहे तीही डॉक्टरांना दाखविल्याशिवाय गरोदर स्त्रीने घेऊ नये.

यापुढचे लिहिताना हात थोडा जड होतो. आमचे मामा गिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडल्यावर गावी आले. खोकला सुरू झाला तेव्हा मामींनी परसातला अडुळसा सुरू केला आणि खरोखरच त्यांना बरे वाटले. कफ सुटू लागला, रात्री झोप लागू लागली. महिन्याभराने पुन्हा खोकला, संध्याकाळी कणकण. मी सुट्टीत भेटावयास गेलो तेव्हा म्हणालो, "मामा, एकदा थुंकी तपासून घ्या." त्यावर मामा हसून म्हणाले, "अरे, अडुळसा चालू आहे ना. तू औषधं वाटतोस म्हणून तुला सगळीकडे रोगच दिसतो." तालुक्याच्या एका खाजगी डॉक्टरांना त्यांनी दाखविले, पण त्यांनीही तपासणी न करता दोन महिने खोकल्याच्या बाटल्याच दिल्या. एके दिवशी थुंकीत रक्त दिसले. रक्तावर अडुळसा गुणकारी, हे मामींना माहीत होते. त्यांनी रस वाढविला. रक्त थांबले आणि घरात सर्वांना हायसे वाटले.

क्षयात थुंकीतून पडणारे रक्त पुष्कळदा आपोआप थांबते. आतला रोग थांबत नाही. मामांचे निदान झाले तेव्हा पाच महिने उलटून गेले होते, वजन निम्म्यावर आले होते आणि त्यांच्या मांडीवर खेळणाऱ्या नातीलाही क्षयाची लागण झाली होती. नात औषधांनी बरी झाली. मामा राहिले नाहीत. माझ्या घरात औषधांची पुस्तके होती आणि मी एकदाच सांगून गप्प बसलो, ही रुखरुख माझ्या मनातून गेलेली नाही.

क्षय हा जंतूमुळे होणारा रोग आहे, हे रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडले. अडुळसा कफ पातळ करतो, ढास कमी करतो. परंतु फुप्फुसातील जंतू मारण्याचे काम त्याच्या काढ्याने होत नाही. काही शिकलेले लोक येथे एक मुद्दा काढतात. १९९६ साली ब्रोमहेक्सिन व अँब्रॉक्सॉल यांचा क्षयजंतूंवर परिणाम होतो असे एका शोधनिबंधात आले होते, हे खरे आहे. पण तो प्रयोग काचेच्या नळीत झाला, माणसाच्या छातीत नव्हे, आणि तोही शुद्ध औषधांचा. परसातल्या पानांचा नव्हे.

उलट क्षयावरील औषधे माणसांवर तपासून सिद्ध झाली आहेत आणि त्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. मद्रासच्या क्षय केंद्रात १९५६ पासून गरीब वस्त्यांतील रुग्णांवर अभ्यास झाला आणि घरी राहून औषधे घेणारा रुग्ण हा आरोग्यधामात ठेवलेल्या रुग्णाइतकाच बरा होतो, हे १९५९ मध्ये दाखवून देण्यात आले. त्याआधी क्षय म्हणजे डोंगरावरचे महागडे आरोग्यधाम, असे समीकरण होते; ते आपल्यासारख्यांना कोठून परवडणार? आज साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा आहे. पहिले २ महिने ४ औषधे आणि पुढील ४ महिने ३ औषधे. थुंकीची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी रुग्णाच्या खात्यात पैसे जमा होण्याची योजना २०१८ पासून आहे. आरंभी महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन, थुंकीत रक्त, यांपैकी काहीही असेल तर काढा चालू असो वा नसो, थुंकी तपासून घ्यावी. औषधे सुरू झाल्यावर ढास शमविण्यासाठी अडुळसा घ्यावयाचा असेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावा, पण गोळ्या एक दिवसही चुकवू नयेत.

लहान मुलांबद्दल थोडे. एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. त्यातील सूक्ष्म जंतूंमुळे क्वचित गंभीर विषबाधा होते. म्हणजे अडुळसा-मधाचे चाटण तान्ह्या बाळासाठी नाही. बाटलीतील औषधांचेही तेच. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातील डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्यामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणले होते. ते औषध अडुळशाचे नव्हते. त्यानंतर केंद्रीय आरोग्य खात्याने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत, असे कळविले. मुलांचा साधा खोकला बहुधा आपणहून बरा होतो. बाळाला धाप लागत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ते दूध पीत नसेल, तर मात्र घरी वेळ न घालविता दवाखाना गाठावा. मधुमेह असलेल्या मंडळींनी बाटलीतील अडुळशात साखर किती आहे ते वाचावे. पुष्कळ बाटल्यांत ती भरपूर असते.

झाड मात्र जरूर लावावे. पावसाळ्याच्या तोंडाला पेराची, वीतभर लांबीची जून फांदी तिरकी कापून जमिनीत खोचली की ती सहज जगते. आपल्या सभागृहाच्या मागील भिंतीलगत जी मोकळी पट्टी आहे तेथे विद्यार्थ्यांनी दहा-बारा फांद्या लावल्यास कुंपणही होईल आणि वनस्पतिशास्त्राचा एक धडाही. मी फांद्या आणून देईन; मामांच्या परसातला अडुळसा अजून उभा आहे.