लिफ्ट केलेली थार साठच्या पुढे थरथरते? दोष कुठे आहे, ते असं शोधा

पावसाळा सुरू झाला की बदलापूर पश्चिमेच्या मांजर्लीसारख्या भागातून बारवी धरणाकडे आणि पुढे मुरबाडमार्गे माळशेजला निघालेल्या उंच थार आणि जुन्या महिंद्रा जीप दिसायला लागतात. दोन-तीन इंचांचं लिफ्ट किट, मोठे टायर, गाडी रीलमध्ये एकदम भारी दिसते.

पण रीलमध्ये न दिसणारी गोष्ट काटई रस्त्यावर साठ-सत्तरचा वेग पकडला की कळते. सीट थरथरते, खालून घुमल्यासारखा आवाज येतो. मालक आधी चाकं बॅलन्स करून घेतो, फरक पडत नाही. मग परत बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट, मग थेट नवे टायर. पैसे जातात, थरथर तिथेच राहते.

कारण लिफ्टनंतरचा दोष अनेकदा चाकात नसतोच. तो कोनात असतो.

गाडी उंच केली की बदलतं काय?

इंजिनाची ताकद गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमधून प्रॉपेलर शाफ्टवर येते आणि तो शाफ्ट मागचं डिफरन्शियल फिरवतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. गॅरेजमध्ये यालाच ‘क्रॉस’ म्हणतात.

लिफ्ट केल्यावर चासी वर जाते, मागचा ॲक्सल मात्र चाकांबरोबर खालीच राहतो. म्हणजे मधला शाफ्ट जास्त तिरका होतो. तिरक्या क्रॉसमधून फिरणारा शाफ्ट एकसारखा फिरत नाही. दर फेरीत तो दोनदा पुढे पळतो आणि दोनदा रेंगाळतो. ३ अंशांच्या कोनात वेगातला हा फरक जेमतेम ०.१४ टक्के असतो. १० अंशांवर तोच दीड टक्क्यावर जातो, म्हणजे दहापटीहून जास्त.

कंपनीच्या गाडीत दोन्ही टोकांचे कोन जुळवलेले असतात, त्यामुळे एका क्रॉसचा हिसका दुसरा भरून काढतो. लिफ्टने ही जुळणी बिघडली की हिसके थेट सीटपर्यंत पोचतात. कोन सारखे राहिले पण जास्तच वाढले, तरी मधला शाफ्ट हिसके खातच राहतो.

चाक की शाफ्ट, आधी हे ठरवा

थारच्या २५५/६५ आर १८ मापाच्या टायरचा घेर साधारण अडीच मीटर. ताशी ७२ किलोमीटरला हे चाक सेकंदाला सुमारे ८ फेऱ्या मारतं. डिफरन्शियलचं गुणोत्तर ४ धरलं, तर शाफ्ट ३२ फेऱ्या मारतो आणि क्रॉसचे हिसके होतात ६४.

म्हणून चाकाची थरथर जाड आणि संथ असते, एकेक धक्का जवळजवळ मोजता येतो. शाफ्टची थरथर बारीक असते, ती गुणगुणल्यासारखी वाटते. चालवताना हे निरीक्षण करा, सोबत कुणीतरी नोंद घेणारा असू द्या:

• स्टिअरिंग हलतंय? आधी पुढची चाकं बघा. सीट आणि फ्लोअर हलतोय? मागची चाकं किंवा शाफ्ट.

• मोकळ्या रस्त्यावर वेग तोच ठेवून एक गिअर बदला. इंजिनाचे फेरे बदलूनही थरथर तशीच राहिली, तर इंजिन निर्दोष.

• ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढते आणि सोडल्यावर कमी होते? संशय कोनावर किंवा क्रॉसवर. उलट, पाय काढल्यावरच घरघर येत असेल तर डिफरन्शियलचं पिनियन बेअरिंगही तपासा.

• फोर-एच लावून कोरड्या डांबरावर वळताना गाडी अडखळते? थारसारख्या पार्ट-टाइम फोर-व्हीलमध्ये हा बिघाड नाही. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, पण शाफ्ट एकमेकांना बांधलेले असतात. डांबरावर टू-एच लावा.

गाडीखाली काय बघायचं?

सगळ्यात आधी गाडी धुवा, रिमच्या आतल्या बाजूनेही. तिथे सुकलेला चिखलही चाकाचं बॅलन्स बिघडवतो.

मग सपाट जागेवर गाडी चाकांवर उभी करा, चाकांना अडण लावा, इंजिन बंद ठेवा. फक्त जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. शाफ्ट हाताने हलवून बघा. क्रॉसमध्ये ढिलेपणा जाणवला किंवा तिथे तांबूस भुकटी दिसली, तर ग्रीस संपून गंज चढलाय असं समजा. पाण्यातून गाडी काढणाऱ्यांकडे हे लवकर होतं. शाफ्टवर वेल्ड केलेली बॅलन्सिंगची पट्टी पडली आहे का, तेही बघा.

शाफ्ट कधी उघडला असेल, तर दोन्ही टोकांचे फोर्क एका रेषेत आहेत का ते तपासा. जोडताना दातांमध्ये एक दात जरी चुकला, तरी थरथर सुरू होते.

शेवटी कोन. मोबाइलमधलं लेव्हल ॲप इथे कामाला येतं. ट्रान्सफर केसचा फ्लँज, शाफ्ट आणि डिफरन्शियलचा फ्लँज यांचे कोन लिहून घ्या. प्रत्येक क्रॉसचा कोन शक्यतो १ ते ३ अंशांत असावा आणि दोन्हींत एका अंशाहून जास्त फरक नसावा. एका टोकाला दुहेरी क्रॉस असेल तर मात्र नियम वेगळा, तिथे पिनियन सरळ शाफ्टच्या रेषेत लागतं.

२ ऑक्टोबर २०२० रोजी आलेल्या नव्या थारमध्ये पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे. त्यामुळे तिथे चाकांकडे जाणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचे कोनही वाढतात. रबरी बूट फाटलेत का, तेही बघा.

उपाय काय?

पाट्यांची जुनी जीप असेल, तर ॲक्सल आणि पाट्यांमध्ये पाचर घालून पिनियनचा कोन सुधारता येतो. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत ॲडजस्टेबल आर्म लावतात. लिफ्ट फारच उंच असेल, तर दुहेरी क्रॉसचा शाफ्ट तरी लावा किंवा उंची तरी कमी करा. दुसरा पर्याय सगळ्यात स्वस्त.

चालतंय तोवर चालू द्या?

नको. क्रॉस तुटून मागचा शाफ्ट सुटला, तर टू-एचमध्ये मागची चाकं इंजिनापासून तुटतात. माळशेज उतरताना गिअरचा ब्रेक गेला, म्हणजे सगळा भार पायाच्या ब्रेकवर आला. उतारावर गिअरमध्ये उभी केलेली गाडी घरंगळूही शकते.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. नियमबाह्य बदलाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विम्याच्या दाव्यात याच बदलावर बोट ठेवलं जाऊ शकतं.

तेव्हा नवे टायर घेण्याआधी एकदा गाडीखाली मोबाइल घेऊन जा. रीलसाठी नाही, कोन मोजायला.