खालची कवळी

लातूर-नांदेडकडे कवळीची परीक्षा ज्वारीच्या भाकरीवर होते. वरण-भात कशाही कवळीने खाता येतो. भाकरीचा कडक पापुद्रा पुढच्या दातांनी तोडायला गेलं की वरची कवळी मागून सुटते आणि खालची जागा सोडते. मग माणूस भाकरी दुधात कुस्करतो आणि कवळी डबीत ठेवतो. संपादकांनी कवळ्यांवर लिहायला सांगितलं, तेव्हा मला या डबीत पडून राहिलेल्या कवळ्यांचंच कोडं होतं. इतक्या मेहनतीने केलेली वस्तू तोंडात का राहत नाही?

कवळी करणारे इथे नाहीत असं नाही: लातूर आणि नांदेड दोन्हीकडे खासगी दंत महाविद्यालयं आहेत, सरकारी महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला. दोष सामानाचाही नाही. एकोणिसाव्या शतकात कवळ्या कडक केलेल्या रबराच्या असत. 1930 च्या दशकात अॅक्रिलिक आलं आणि आजही बहुतेक कवळ्या त्याच्याच होतात. सामान तेच, पद्धतही बरीचशी तीच. फरक पडतो तो मापात आणि हातात.

लातूरच्या एका दवाखान्यात हे माप घेताना पाहिलं. आजींच्या नाकाच्या शेंड्यावर एक ठिपका, हनुवटीवर दुसरा. तोंडात दातांच्या जागी मेणाचे दोन कठडे. ‘‘आजी, ओठ मिटा, आवंढा गिळा, अन् आता सगळं सैल सोडा,’’ डॉक्टर म्हणाल्या आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजलं. मग कठडे एकमेकांवर टेकवून पुन्हा मोजलं. जबडा सैल असताना वरच्या-खालच्या दातांत साधारण 2 ते 4 मिलिमीटर फट राहायला हवी. ती उरली नाही तर बोलताना दात एकमेकांवर आपटतात, संध्याकाळपर्यंत जबडा दुखून येतो. फार उरली तर गाल बसतात, हनुवटी नाकाकडे सरकते, ओठांचे कोपरे चिरतात. शेवटी आजींना साठापासून सत्तरापर्यंत आकडे म्हणायला लावले. ‘स’ नीट उमटतो का, हे डॉक्टर कान देऊन ऐकत होत्या.

कवळी प्रत्यक्षात घडते ती लॅबमध्ये. टेक्निशियनसमोर आर्टिक्युलेटर होता: जबड्यासारखी उघडमीट करणारं धातूचं बिजागरी यंत्र, त्यात प्लास्टरचे दोन साचे. तापवलेल्या सुरीने मेण मऊ करून तो खालची दाढ बसवत होता. बसवली, वरच्या दाढेशी मिटवून पाहिली, काढली, केसभर आत घेतली. मी विचारलं, इतकं कशासाठी? ‘‘बाहेर गेली तर गाल ढकलतो, आत आली तर जीभ उचलते,’’ तो म्हणाला. गाल आणि जीभ यांचा जोर जिथे एकमेकांना तोलतो, त्या चिंचोळ्या पट्ट्यातच दात बसायला हवेत. असं काम कळणारा माणूस पाहिला की मन भरून येतं.

वरच्या कवळीला टाळूचा मोठा आधार असतो. कडा नीट बंद झाल्या की लाळेच्या पातळ थरावर ती धरून राहते. खालची घोड्याच्या नालेसारखी, मध्ये सतत हलणारी जीभ, आणि टेकायला जागा वरच्याच्या जेमतेम निम्मी. शिवाय दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं. संशोधक टॅलग्रेन यांनी 25 वर्षं त्याच माणसांची मापं घेऊन 1972 मध्ये दाखवलं की पुढच्या भागात खालचं हाड वरच्याच्या सुमारे चौपट झिजतं. वीस वर्षं बिनदाताची राहिलेली म्हातारी येते तेव्हा कवळीने धरावं असा उंचवटाच उरलेला नसतो. त्यात बीपीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. ‘‘वरची बसली, खालची लई हालायलीय,’’ ही तक्रार म्हणूनच खरी असते. तिला म्हातारपणाची कुरकुर समजू नये.

वृद्धांच्या तोंडाचं आरोग्य मोजायला 1990 मध्ये 12 प्रश्नांची एक पट्टी तयार झाली. चावताना त्रास होतो का, याबरोबरच चारचौघांत जेवताना अवघडल्यासारखं होतं का, हेही तीत विचारतात. लग्नाच्या पंगतीत न बसता ‘मला भूक नाही’ म्हणणारे आजोबा आपल्या सगळ्यांच्या घरात असतात. त्यांची भूक कुठे गेली, हे आपण विचारत नाही.

हलणाऱ्या खालच्या कवळीवर उपाय आहे. खालच्या जबड्याच्या हाडात दोन इम्प्लांट, म्हणजे स्क्रूसारखे खुंट, बसवून त्यांवर कवळी अडकवायची. खालच्या कवळीसाठी हाच पहिला पर्याय असावा, असं कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी 2002 मध्येच म्हटलं. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात इम्प्लांटचा खर्च म्हातारीच्या दातांवर कोण करणार? साध्या कवळीलाही चार-पाच खेपा लागतात. किनवटहून नांदेड किंवा निलंग्याहून लातूर म्हणजे एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्या मुलाचा बुडालेला रोज, आणि सुगीत तर कुणालाच सवड नाही.

खरी गरज कवळी मिळाल्यानंतरच्या आठवड्यात असते. नवी कवळी कुठेतरी टोचते, हिरडीवर लाल वळ उठतो. तिथे पेस्ट लावून खूण पाहायची आणि तेवढंच घासायचं, काम दहा-पंधरा मिनिटांचं. एवढ्यासाठी कोणी लांबून परत येत नाही. काही जण घरीच कानशीने कड घासतात आणि कवळीची पकड कायमची घालवून बसतात. 2017 च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत काठी, चष्मा, श्रवणयंत्राच्या यादीत कवळीही आहे, याचा मला आनंद आहे. पण काठी दिली की देणाऱ्याचं काम संपतं. कवळीचं तिथून पुढे सुरू होतं. हाड झिजतच राहतं, म्हणून काही वर्षांनी आतून नवं अस्तरही लागतं. उपजिल्हा रुग्णालयांतल्या दंतवैद्यांकडे आठवड्यातला एक दिवस फक्त टोचणाऱ्या कवळ्यांसाठी राखून ठेवायला हवा, मग ती कवळी कुठेही बनलेली असो. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. घासायचं यंत्र, पेस्टची ट्यूब आणि गावात लावलेली वाराची पाटी, एवढ्यावर भागेल.