नफा दिसतो, रोकड कुठे आहे?

सौर किंवा पवनऊर्जेत उतरलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल हातात आला की एकत्रित नफा-तोटा पत्रकातली एक ओळ मी कधीच सोडत नाही : ‘संयुक्त उपक्रमांच्या नफ्यातील वाटा’. नोकरीची सगळी वर्षं मी ताळेबंद तपासण्यात घालवली. आता साताऱ्यात शेजारपाजारचे लोक शेअर घेण्याआधी अहवाल घेऊन येतात, तेव्हा सर्वांत जास्त वेळ याच ओळीवर जातो.

एनटीपीसी ग्रीनचंच घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिचा १०,००० कोटींचा आयपीओ आला, तेव्हा आमच्या पेठेतूनही अर्ज गेले. मार्च २०२५ मध्ये तिने आणि ओएनजीसीच्या हरित ऊर्जा कंपनीने निम्म्या-निम्म्या भागीदारीतल्या उपक्रमामार्फत अयाना रिन्यूएबल पॉवर विकत घेतली. प्रकल्प सुमारे ४.१ गिगावॅटचे, काही चालू, काही उभे राहत असलेले. कर्ज धरून व्यवहाराचं मूल्य १९,५०० कोटी रुपये.

ताबा दोघांचा सारखा, म्हणजे अयाना एकट्या कोणाचीच उपकंपनी नाही. अशा वेळी ‘इंड एएस २८’ हे लेखामानक इक्विटी पद्धत लावायला सांगतं. उपक्रमाची पॅनेलं, वीजविक्री, बँकांची कर्जं भागीदाराच्या ताळेबंदात मिसळायची नाहीत. गुंतवणूक एका ओळीत आणि निव्वळ नफ्यातला आपला हिस्सा दुसऱ्या ओळीत दाखवायचा. एप्रिल २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना नवी मानकं लागू झाली. त्याआधी निम्मी विक्री, निम्मा खर्च, निम्मं कर्ज असं ओळीओळीने जोडलं जाई. सामान्य वाचकासाठी तीच पद्धत चांगली होती, असं माझं आजही मत आहे. कर्ज निदान डोळ्यांसमोर तरी असे.

समजा, कंपनीने निम्म्या हिश्शासाठी १०० कोटी घातले. व्याज आणि कर भरून उपक्रमाला २० कोटी उरले. कंपनीच्या नफ्यात १० कोटी धरले जातात, गुंतवणूक ११० कोटी होते, पण बँकेत एक रुपयाही आलेला नसतो. नंतर ४ कोटी लाभांश मिळाला, तर तो पुन्हा उत्पन्नात धरत नाहीत. गुंतवणूक १०६ कोटींवर येते. वीजप्रकल्पांना कर्ज देणाऱ्या बँका आधी हप्ते आणि राखीव निधी बाजूला काढायला लावतात, मालकांचा नंबर त्यानंतर. म्हणून रोख प्रवाह पत्रक उघडायचं. तिथे हा वाटा नफ्यातून वजा केलेला असतो आणि मिळालेला लाभांश वेगळा लिहिलेला असतो. काही वर्षांचे हे दोन आकडे शेजारी मांडा. वाटा वाढतोय आणि लाभांश येत नाही, असं दिसलं तर कारण विचारायलाच हवं.

तोटाही याच वाटेने येतो. न्यूयॉर्कजवळच्या समुद्रातल्या पवनप्रकल्पांत बीपी आणि इक्विनॉर निम्मे-निम्मे भागीदार होते. खर्च आणि व्याजदर चढले, विजेचा ठरलेला दर वाढवून मिळाला नाही. २०२३ च्या तिसऱ्या तिमाहीत बीपीने ५४ कोटी डॉलर, तर इक्विनॉरने ३० कोटी डॉलर आपल्या गुंतवणुकीच्या मूल्यातून कमी केले. प्रकल्प तेच, वाटा सारखा, तरी आकडे वेगळे. कारण भविष्याचा अंदाज ज्याचा त्याने बांधायचा असतो.

सहसा गुंतवणूक शून्यावर आली की पुढचा तोटा धरायचं थांबवतात. पण कंपनीने उपक्रमाच्या कर्जाला हमी दिली असेल, तर शून्यानंतरही बोजा अंगावर येतो. ती हमी आणि उपक्रमाचं कर्ज, दोन्ही अहवालाच्या शेवटच्या पानांतल्या टिपांमध्ये सापडतात. माझ्याकडे येणाऱ्यांना मी ती पानं आधी वाचायला लावते.