जप्ती : समज आणि वस्तुस्थिती

साखर कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या अंकुशनगरच्या ऊसकरी मुलुखात ‘जप्ती’ हा शब्द कानी पडताच, जमीन गेली, घर गेले, आता सारे सरकारचे झाले, अशी जी धास्ती उत्पन्न होते, ती बहुतांशी निराधार असते. आणि खेदाची गोष्ट ही की, त्या धास्तीपायीच पुष्कळ माणसे मुदतीत करावयाची तजवीज न करता हताश होऊन बसतात.

मूळ अरबी ‘जब्त’ या शब्दाचा अर्थ धरून ठेवणे, आवरणे, बंदोबस्त करणे असा आहे, हिरावून घेणे असा नव्हे. मोगलांच्या दफ्तरात तर जमीन मोजून धारा ठरविण्याच्या पद्धतीलाच हे नाव होते. तोडरमलाने ती पद्धत उत्तरेत रूढ केली आणि पुढे, औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना, त्याचा दिवाण मुर्शिदकुली खान याने तिच्या धर्तीवर आपल्या या प्रांतात मोजणी चालविली. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील जप्ती, जिला आपण ‘टाच’ही म्हणतो, तीही मूळ अर्थाशी इमान राखून आहे. मालमत्तेवर टाच आली म्हणजे ऋणकोने ती परस्पर विकून धनकोचा हक्क बुडवू नये एवढाच प्रतिबंध होतो. मालकी त्याचीच राहते. ती जाते लिलाव होऊन विक्री कायम झाल्यावर. आणि स्थावराचा लिलाव झाल्यावरही साठ दिवसांच्या आत जाहीरनाम्यातील येणे रक्कम व खरेदीदारासाठी किमतीच्या शेकडा पाच भरल्यास तो रद्द करून घेता येतो. सरकारजमा होणे वा भूसंपादन होणे या सर्वस्वी निराळ्या गोष्टी होत.

जप्तीत चूलबोळकेही उचलून नेतात, हा दुसरा समज. संहितेच्या कलम ६० ने स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचारानुसार स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे अलंकार, आणि शेतकऱ्याची औते, उपजीविकेस अवश्य ती जनावरे, बी-बियाणे व त्याचे राहते घर यांना संरक्षण दिले आहे. गहाण टाकलेल्या घराला मात्र हे कवच पुरत नाही, आणि शेतात उभा असलेला ऊसही जप्तीतून आपोआप सुटत नाही; याची जाणीव कर्जरोख्यावर सही करण्यापूर्वीच असावी.

जप्ती केवळ दुबळ्याविरुद्ध चालते, हा तिसरा समज मला सर्वांत घातक वाटतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत त्याचे मोल चुकते करणे प्रत्येक कारखान्यावर बंधनकारक असून, विलंबास शेकडा १५ दराने व्याज लागते. आणि थकबाकी राहिलीच, तर साखर आयुक्तांनी दिलेल्या वसुली प्रमाणपत्रावरून, ज्याला शेतकरी ‘आरआरसी’ म्हणतात, जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे, प्रसंगी कारखान्याची साखर व मालमत्ता जप्त करून, वसूल करू शकतात.