नागपाड्यातला वर्ग आणि दोन कुमारप्पा

समाजकार्याच्या शिक्षणाचा इतिहास काढायला बसलं, की मी दर वेळी नागपाड्यातच अडकतो. देवनारचा हिरवागार परिसर, ‘टिस’चा दबदबा, तिथल्या प्रवेशासाठीची चुरस हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. पण एमएसडब्ल्यूचं, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचं, मूळ रुजलं ते भायखळ्याजवळच्या गजबजाटात, कामगारांच्या वस्तीत.

क्लिफर्ड मॅनशार्ट शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन अमेरिकन मराठी मिशनतर्फे 1925 मध्ये मुंबईत आला. धर्मप्रचारापेक्षा त्याचा जीव वस्तीत रमला. ‘नागपाडा नेबरहूड हाउस’मध्ये त्याने आसपासच्या लोकांसाठी काम उभं केलं, आणि ते करताना त्याची खात्री पटली की तळमळ असलेली माणसं मुंबईत पुष्कळ आहेत, शिकवून तयार केलेली मात्र नाहीत. सर दोराबजी टाटा ट्रस्टने त्याचं म्हणणं उचलून धरलं. 1936 मध्ये त्याच वास्तूत ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झालं. पहिल्या तुकडीत विद्यार्थी 20. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पदवीनंतरचा.

तो काळ आठवा. सेवा म्हणजे त्याग, असं मानणारा तो काळ. गोखल्यांच्या भारत सेवक समाजातही सदस्याला पाच वर्षं उमेदवारी करावी लागे, पण ती व्रतस्थ माणसाची उमेदवारी होती. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने मुंबईत 1911 पासून वस्त्यांमध्ये काम चालवलं होतं. अशा शहरात सेवेची पदविका घ्यायची आणि वर पगारही घ्यायचा, ही कल्पना अनेकांना खटकली असणार. माझं मत मॅनशार्टच्या बाजूचं आहे. ज्याच्या घरची चूल पेटत नाही, त्याच्यापुढे आपल्या भल्या हेतूचं प्रदर्शन मांडणं बरं नव्हे. त्याला काम जाणणारं माणूस लागतं.

1941 मध्ये मॅनशार्टनंतर संचालक झाले जे. एम. कुमारप्पा. आणि इथे मला या इतिहासातली सर्वांत विलक्षण गोष्ट सापडली. त्यांचे सख्खे भाऊ म्हणजे गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा. ते वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ चालवत होते आणि खेड्यांसाठी कार्यकर्ते घडवत होते. दोघेही अमेरिकेत शिकलेले. एकाने तेलघाणी, हातकागद, चामडं कमावणं यांतून गावाची घडी बसवायला घेतली. दुसऱ्याने शहरातल्या इस्पितळांसाठी, बालगृहांसाठी, गिरण्यांसाठी प्रशिक्षित माणसं तयार करायला घेतली. अमेरिकन पद्धतीचं केसवर्क, म्हणजे एकेका व्यक्तीसोबतचं काम, भारताच्या दारिद्र्याला पुरेल का, हा वाद आजही प्रत्येक समाजकार्य महाविद्यालयात चालतो. या दोन भावांची आयुष्यं शेजारी ठेवली की तो वाद डोळ्यांसमोर उभा राहतो.

पुढचं झपाट्याने सांगतो. 1944 मध्ये संस्थेचं नाव बदलून ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’, म्हणजेच आजची ‘टिस’, असं झालं. फाळणीनंतर तिथली पथकं कुरुक्षेत्रच्या निर्वासित छावणीत राबली. 1946 मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची देशातली पहिली नेमणूक झाली. 1948 च्या कारखाना कायद्याने 500 वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला आणि पदविकाधारकांना नोकऱ्या मिळू लागल्या. 1955 मध्ये मुंबईत निर्मला निकेतन आलं, 1963 मध्ये पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था.

या शिक्षणाचा प्राण आहे फील्डवर्क. आठवड्यातले ठरावीक दिवस विद्यार्थी एखाद्या सेवासंस्थेत, म्हणजे ‘एजन्सीत’, जातो, परतल्यावर त्या कामाची नोंद, म्हणजे ‘रेकॉर्डिंग’, लिहितो आणि सुपरवायझरसमोर ‘आयसी’ला, म्हणजे वैयक्तिक चर्चेला, बसतो. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी नावं झाकून मला असं एक रेकॉर्डिंग वाचायला दिलं. विधवा बाई बोलता बोलता गप्प झाली, तशी विद्यार्थिनीने घाईघाईने पेन्शन योजनेची माहिती द्यायला सुरुवात केली. समासात लाल शाईत एवढंच होतं: ‘ती थांबली होती. तू का बोललीस?’ हे पुस्तकातून शिकवता येत नाही.

म्हणूनच आजची अवस्था मला सलते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकार समाजकार्यकर्त्याची पात्रता ठरवली. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने वैद्यकीय समाजकार्यकर्त्यांनाही कक्षेत घेतलं. बाकीच्या क्षेत्रांत मात्र अजून परवाना नाही, नोंदणीची सक्ती नाही. त्यामुळे काही ठिकाणी फील्डवर्क हजेरीपटावरच उरकतं.

यंदा घरातलं कुणी एमएसडब्ल्यूला जाणार असेल तर फी आणि निकाल विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा: आठवड्यातून किती दिवस फील्डवर्क असतं, आणि रेकॉर्डिंग वाचतं कोण? आणि सरकारी रुग्णालयात खर्चाने हात टेकायची वेळ आली, तर ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ अशी पाटी शोधा. मदत कुठून आणि कशी मिळेल, हे सांगणं त्यांचं काम आहे.