देणारा हात का थकतो?

रमजानचा शेवटचा अशरा सुरू होता. असरची नमाज झाली होती, मी भज्यांचं पीठ कालवत होते. दारावरची बेल चौथ्यांदा वाजली. थोरल्या लेकीने पडद्याआडून पाहिलं आणि हळूच विचारलं, "अम्मी, अजून एक रसीदबुकवाले आलेत. घरी कोणी नाही म्हणून सांगू?"

मी चपापले. रोज्याच्या दिवशी पोरीला खोटं बोलावंसं वाटलं, ही एक गोष्ट. दुसरी अशी, की त्याच आठवड्यात मीसुद्धा रसीदबुक घेऊन दारोदार फिरत होते. किती पडद्यांआडून असंच विचारलं गेलं असेल!

आमच्या ओवे गावात आम्ही काही शिक्षक आणि मोहल्ल्यातली मंडळी मिळून दहावीनंतर शिकणाऱ्या गरजू मुलींची फी भरतो. पहिल्या वर्षी लोकांनी बोलावून पैसे दिले. पाचव्या वर्षी तेच लोक "बघू, ईदनंतर या" म्हणू लागले. नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीची दुसऱ्या वर्षाची फी अडली होती आणि आमच्या हातात निम्मीही रक्कम नव्हती.

लोकांची मनं कठोर झाली, असं मी म्हणणार नाही. आपल्या रायगडने काय काय पाहिलं ते आठवा. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन, ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ, जुलै २०२१ मध्ये महाडचा पूर आणि तळियेची दरड, जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी लोकांनी आपल्या ऐपतीप्रमाणे दिलं. त्यावर मशीद, मदरसा, शस्त्रक्रिया, मोबाईलवर रोज येणारे रडके व्हिडिओ आणि क्यूआर कोड. खरं कोणतं, खोटं कोणतं, हेच कळेना, की माणूस सगळ्यांनाच हात जोडतो.

पण माझे डोळे उघडले ते एका हार्डवेअरच्या दुकानात. दुकानदार चाचा दरवर्षी देणारे. रसीदबुक पाहून म्हणाले, "टीचर, पैशाचं राहू द्या. मागच्या साली ज्या पोरीची फी मी भरली, ती पास झाली का?"

ती पहिल्या वर्गात पास झाली होती. मला ठाऊक होतं, आमच्या सगळ्या मंडळींना ठाऊक होतं. चाचांना मात्र कोणी सांगितलंच नव्हतं! आम्ही त्यांच्या दुकानी वर्षातून एकदाच जात होतो, तेही मागायला.

घेणाऱ्यावरही जबाबदारी असते, हे आपल्या दीनने फार आधी शिकवलं आहे. हजरत मुआज (रजि.) यांना यमनला पाठवताना पैगंबर (स.) यांनी बजावलं होतं, की जकात श्रीमंतांकडून घेऊन तिथल्याच गरिबांना द्यावी आणि लोकांचा उत्तमातला उत्तम माल उचलू नये. म्हणजे देणाऱ्यावर ओझं टाकू नये. जकात गोळा करून आलेल्या एकाने "हे तुमचं, आणि हे मला भेट मिळालं" असं म्हटलं, तेव्हा पैगंबरांनी (स.) मिंबरवरून सर्वांसमोर नाराजी दाखवली.

हिशेब बिघडला की काय होतं, हे मुंबईनेच पाहिलं आहे. खिलाफत चळवळीसाठी लोकांनी भरभरून दिलं, बायकांनी अंगावरचे दागिने उतरवले. पुढे हिशेब तपासले, तेव्हा मध्यवर्ती समितीचे अध्यक्ष, मुंबईचे व्यापारी छोटानी यांच्या धंद्यात सुमारे १६ लाख रुपये अडकल्याचं निघालं. भरपाई म्हणून त्यांनी लाकूड कापायच्या गिरण्या समितीला दिल्या, पण गेलेला भरवसा परत आला नाही.

उलट उदाहरण देवबंदचं. १८६६ मध्ये दारुल उलूम सुरू झालं. मौलाना कासिम नानोतवी यांनी घालून दिलेल्या आठ नियमांत सरकार आणि धनिकांच्या आधारापेक्षा नाव न मिरवणाऱ्या साध्या माणसांच्या चंद्यावर भिस्त ठेवली. संस्था आजही उभी आहे.

त्या रात्री तरावीहनंतर आम्ही बसलो आणि काही गोष्टी ठरवल्या.

पहिली, मागण्याआधी सांगायचं. ईद झाल्यावर प्रत्येक देणाऱ्याला घरी जाऊन किंवा फोन करून किती जमा झाले, कुठे गेले, किती मुली पास झाल्या, हे सांगायचं. त्या भेटीत रसीदबुक न्यायचंच नाही. मुलींचे फोटो मात्र कुठेही टाकायचे नाहीत. त्यांची इज्जत आधी.

दुसरी, जकात आणि सदका यांचे हिशेब वेगळे. जकात फक्त हकदार मुलींनाच. छपाई, रिक्षा असा किरकोळ खर्च आम्ही आपापसात भागवायचा.

तिसरी, रमजानवरच सगळा भार नको. नियमित केलेलं थोडंसं काम अल्लाहला जास्त आवडतं, अशी हदीस आहे. ज्यांना जमेल त्यांनी दरमहा शंभर-पन्नास द्यावेत. ज्यांनी "या वर्षी नाही" म्हटलं, त्यांना पुन्हा गळ घालायची नाही.

चौथी, फक्त पैसाच मागायचा नाही. कोणी जुनी पुस्तकं देईल, कोणी रविवारी गणित शिकवील, कोणी फॉर्म भरून देईल.

लगेच पैशांचा पाऊस पडला, असं झालं नाही. काही दारं अजून बंद आहेत. नर्सिंगच्या मुलीची फी दोन हप्त्यांत भरावी लागली, दुसरा हप्ता दिवाळीच्या सुट्टीनंतर गेला. पण हार्डवेअरवाल्या चाचांना तिचा निकाल सांगायला मी गेले, तेव्हा त्यांनी दुकानातल्या पोराला चहा आणायला पाठवलं आणि आपणहून विचारलं, "पुढच्या साली कोण आहे?"

वाचक भगिनींनो, तुम्ही देणाऱ्या असाल तर हिशेब जरूर विचारा, त्यात उद्धटपणा नाही. संस्था नोंदणीकृत असेल तर महाराष्ट्रात तिला सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे हिशेब ठेवावेच लागतात. आणि तुम्ही मागणाऱ्या असाल तर एकदा रसीदबुक घरी ठेवून त्याच दारी जाऊन या.

त्या संध्याकाळी मी पिठाचे हात धुऊन स्वतः दार उघडलं. म्हटलं, "भाई, या वर्षी जमणार नाही, माफ करा. इफ्तारची वेळ होत आली आहे, खजूर-पाणी घेऊन जा." ते हसले, दुआ देऊन गेले. लेक मागे उभी राहून बघत होती.